दोनशे चौदा नंबरची खुंटी

रीगा, २७ फेब्रुवारी

प्रिय ओयदिन,

मी, एवाल्ड्स ग्राउडिन्श, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण चौथी इयत्ता, पूर्वी आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात गाद्या शिवणारा कारागीर आणि गेली सोळा वर्षे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत कोट सांभाळणारा, हे पत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.

हे वाक्य तुला ओळखीचे वाटेल. एकतीस जानेवारीला तिसऱ्या मजल्यावर, हिरवे कापड अंथरलेल्या लांब टेबलासमोर उभे राहून मी याच शब्दांनी सुरुवात केली होती, आणि तू डावीकडच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होतीस. त्या दिवशीचे माझे प्रत्येक वाक्य खरे होते. या पत्रातलेही प्रत्येक वाक्य खरे आहे. तरी दोन्हींत फरक आहे, आणि तो सांगण्यासाठी मला तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही क्रमाने लिहाव्या लागतील, कारण पाकिटात घालण्यापूर्वी हे पत्र आणखी काही माणसांसमोर वाचले जाणार आहे. तुला विद्यापीठातून काढून टाकणाऱ्या हुकमाविरुद्ध दाद मागण्याची मुदत आठ मार्चला संपते. हातात नऊ दिवस आहेत. म्हणून राग आला तरी पत्र मध्येच खाली ठेवू नकोस.

येथे थंडी उतरलेली नाही. दाउगावा नदी पुलाच्या दोन्ही बाजूंना गोठलेली आहे आणि बर्फाला भोक पाडून मासे पकडणारे म्हातारे सकाळपासून त्यावर पेट्या टाकून बसतात. तुझ्या खोलीतली नसीबा रोज येते. वसतिगृहात तुझा पलंग अजून रिकामा आहे, असे ती सांगते; म्हणजे मला सांगत नाही, माझ्या देखत दुसऱ्या मुलींना सांगते. पूर्वी ती कोट माझ्या हातात देत असे, आता काउंटरवर टाकते. पहिल्या दिवशी म्हणाली, "आजोबा, तुमच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. कोट घ्या आणि खुंटीला लावा." मी कोट खुंटीला लावला. तू तिचेही फोन घेत नाहीस, तुझ्या गावी मार्गिलानमध्ये काकांच्या मागावर बसून रेशमाचे धागे भरतेस, आणि वडील तुझ्यासमोर विद्यापीठाचा विषय काढत नाहीत, एवढे मला त्या काउंटरवरून ऐकून ऐकून समजले आहे.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. तू काउंटरवर एक रंगीत माहितीपत्रक उघडून धरलेस आणि माझ्या कोपराकडे बोट दाखवून विचारलेस, "हे तुमचंच ना?" त्या चित्रात आमचा संगमरवरी जिना आहे, वरती खिडकीची रंगीत काच आहे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात राखाडी बाहीतले एक कोपर आहे. ते माझेच. परदेशी विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या पत्रकात आपले कोपर गेले आहे, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. तू सांगितलेस की तुझ्या वडिलांनी ताश्कंदच्या प्रदर्शनातून आमच्या देशातल्या तीन नामांकित विद्यापीठांची पत्रके आणली होती. ती दोन दिवस जेवणाच्या सतरंजीवर मांडलेली होती. एक सर्वांत जुने होते, एकाच्या वसतिगृहाबद्दल आत्याने चांगले ऐकले होते, आणि तिसऱ्यात, म्हणजे आमच्यात, रंगांचे रसायनशास्त्र शिकवत होते. रेशीम रंगवणाऱ्या घराने तिसरे निवडले. मग तू हसून म्हणालीस, "पण आजोबा, तुमचा सगळा देश मिळून आमच्या खोऱ्याइतकी माणसं नाहीत." मी म्हणालो, "म्हणून तर आम्ही प्रत्येकाचा कोट ओळखतो." हे उत्तर मला फार आवडले होते. पुढे कित्येक दिवस मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत असे.

तुझा कोट तपकिरी होता, आत शिवलेले अस्तर घरचे, रेशमी, निळ्या-पिवळ्या लाटांचे. एवढे अस्तर लावणाऱ्या तुझ्या आईने गळ्याशी अडकवण्याची पट्टी मात्र लावली नव्हती. मी तुला तोच नियम ऐकवला जो सोळा वर्षे सर्वांना ऐकवत आलो आहे: पट्टी नसलेला कोट मी घेत नाही, आणि कोट घातलेल्या माणसाला वर्गात घेत नाहीत. तुला वाटले मी थट्टा करतो आहे. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "ताई, हे म्हातारबाबा थट्टा करत नाहीत. गेल्या वर्षी मला असंच परत पाठवलं होतं." दुसऱ्या दिवशी तू बुटाची नाडी कापून शिवून आलीस. काम कच्चे होते, पण नियमात बसत होते. मी तुला दोनशे चौदा नंबरचा बिल्ला दिला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सबंध हिवाळा एकच खुंटी द्यायची आणि बिल्ला त्यांच्याकडेच ठेवायचा, ही पद्धत माझी स्वतःची आहे. विद्यापीठाच्या कोणत्याही नियमात ती लिहिलेली नाही, पण तिच्यामुळे सोळा वर्षांत एकही कोट हरवलेला नाही.

वेणीची गोष्टही मला लिहिली पाहिजे. तुझी वेणी कमरेच्या खाली पोचत होती, आणि सकाळी वसतिगृहात धुऊन ओल्या केसांनी तू ट्रामच्या थांब्यावर उभी राहायचीस. चोवीस जानेवारीला उणे अठरा होते. तू आत आलीस तेव्हा वेणी लाकडासारखी कडक झाली होती आणि काउंटरवर आपटून तिचा टक् असा आवाज आला. मी तुझ्यावर ओरडलो. "मेंदूला थंडी लागली म्हणजे रसायनशास्त्र कशात ठेवशील? एक तर टोपी घाल, नाही तर कात्री घे!" सायबेरियात मी अशा थंडीत मुले गेलेली पाहिली आहेत, म्हणून माझा आवाज चढला.  दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, आणि तू मानेपर्यंत कापलेल्या केसांनी आलीस.

ओळखपत्रावरच्या फोटोत वेणी होती. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षकाने ओळखपत्र पाहिले, तुला पाहिले, आणि सातव्या रांगेत भलतीच मुलगी बसली आहे असे परीक्षा विभागाला कळवले. त्या सत्रात असा एक प्रकार आधी घडला होता, त्यामुळे सगळे सावध होते. उत्तरपत्रिकेवर फक्त गोल काळे करायचे होते, तेव्हा अक्षरावरून काही ठरवता येईना. ऑक्टोबरच्या चाचणीत तू जेमतेम पास झाली होतीस आणि या वेळी वर्गात दुसरी आलीस, हेही तुझ्या विरुद्ध गेले. नसीबाने सांगितले की तू तिच्या शेजारीच बसली होतीस. तेव्हा तिला उत्तर मिळाले की एका देशाच्या, एका खोलीतल्या मैत्रिणीची साक्ष धरता येत नाही. मग राहिलो मी. कोट दिल्याशिवाय कोणी दालनात जात नाही, आणि उणे अठरात कोणी कोटाशिवाय घरातून निघत नाही. म्हणून दोनशे चौदा नंबरच्या खुंटीवर त्या सकाळी काय होते, एवढ्यावर सगळे येऊन ठेपले.

आता मी एकतीस जानेवारीबद्दल लिहितो. तिसऱ्या मजल्यावर मी सोळा वर्षांत पहिल्यांदाच गेलो. उपअधिष्ठाता काल्वान्स साहेबांनी मला "ग्राउडिन्श साहेब" म्हटले, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला. मी खुर्ची घेतली नाही. माझ्या अंगावर माझ्या पत्नीच्या अंत्यविधीला शिवलेला सूट होता. मला अभिमान वाटत होता, हे मी लपवत नाही. एवढी शिकलेली माणसे चौथी शिकलेल्या माणसाच्या शब्दासाठी थांबली होती. काल्वान्स साहेबांनी विचारले, "पंचवीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता दोनशे चौदा नंबरच्या खुंटीवर कोट होता का?" मी म्हणालो, "नव्हता." परीक्षा विभागातल्या स्क्रास्तिन्या बाईंनी अकरा वाजता स्वतः खाली येऊन खुंटी पाहिली होती, त्यांनी मान हलवली. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला, "एखाद्याचा कोट तुम्ही चुकून दुसऱ्या खुंटीवर टांगता का?" मी म्हणालो, "सोळा वर्षांत एकदाही नाही." तू खुर्चीतून अर्धवट उठलीस. "पण मी कोट आजोबांच्या हातात दिला होता! आजोबा, सांगा ना यांना!" काल्वान्स साहेब म्हणाले, "विद्यार्थिनीने साक्षीदाराशी बोलू नये." मी हिरव्या कापडाकडे पाहत राहिलो. त्यावर शाईचा एक जुना डाग होता. मी तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होतो. तिसरा प्रश्न इतका सरळ होता की तो आता येईलच, असे मला वाटत होते. साहेबांनी कागद जुळवले आणि म्हटले, "आभारी आहे, ग्राउडिन्श साहेब. अगदी स्पष्ट आहे." आणि मी जिना उतरलो.

तुला मी एकदा सांगितले होते की माझी शाळा चौथीनंतर सुटली. का सुटली, ते सांगितले नव्हते. मार्च एकोणपन्नासमध्ये आम्हाला हद्दपार करून गुरांच्या डब्यातून सायबेरियात ओम्स्ककडे नेले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. चौथी मी तिथल्या गावात पुरी केली. पाचवीची शाळा बारा किलोमीटरवर होती आणि तिथे राहायला जाण्यासाठी आमच्यासारख्यांना ठाण्याच्या अंमलदाराची परवानगी लागत असे. मास्तरीणबाई स्वतः माझ्याबरोबर ठाण्यात आल्या. अंमलदाराने शेतावरच्या हजेरीनवीसाला बोलावून विचारले, "या पोराचं नाव कामाच्या यादीत आहे का?" हजेरीनवीस आमच्याच गावचा, तेओदोर्स नावाचा, आमच्याच डब्यातून आलेला. माझे नाव यादीत होते, कारण आई आजारी असताना एका आठवड्याच्या पावासाठी त्यानेच ते घातले होते, आणि आई बरी झाल्यावर ते काढायचे राहिले होते. त्याला हे सगळे माहीत होते. तो म्हणाला, "आहे." अंमलदार म्हणाला, "मग पाचवी कशाला?" बाहेर आल्यावर मास्तरीणबाई त्याला म्हणाल्या, "अरे माणसा, पुढचं वाक्य तुझ्या तोंडात अडकलं का?" तेओदोर्स म्हणाला, "बाई, मला विचारलं ते मी सांगितलं. खोटं बोललो का?" मी त्याला कधीही क्षमा केली नाही. सत्तावन्न साली आम्ही दोघेही परत आलो, शेजारच्या गल्ल्यांत राहिलो, आणि तो मरेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याच्या अंत्यविधीला सगळा मोहल्ला गेला. मी घरी बसून बुटांना पॉलिश करत होतो.

आता पंचवीस जानेवारी. नऊला नऊ मिनिटे कमी होती. तू धावत आलीस, कोट काउंटरवर ठेवलास, आणि मी सवयीने गळ्याशी हात नेला. पट्टी नव्हती. "पट्टी कुठाय?" तू म्हणालीस, "तुटली आजोबा, आत्ता निघताना. नसीबानं ओढला तर नाडीच हातात आली. घ्या ना, नऊ मिनिटं राहिलीत." मी म्हणालो, "पट्टी नाही तर कोट नाही." मागून कोणी तरी ओरडले, "बाबा, तिला सोडा, नाही तर तुमच्यापायी आम्ही सगळे नापास!" दुसरा म्हणाला, "त्यापेक्षा तिलाच खुंटीला टांगा!" रांग हसली. तू हसली नाहीस. तुझ्या मानेवर नव्याने कापलेले केस उभे राहिले होते, आणि ते माझ्या ओरडण्यामुळे कापले गेले होते, हे मला दिसत होते. मी कोट घेतला. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी पट्टी नसलेला कोट घेतला. बिल्ला तुझ्याकडे होताच. तू जिन्यावर दोन दोन पायऱ्या चढत गेलीस.

कोट मी गळ्यावरून दोनशे चौदावर टांगला. तो घसरून पडला. पुन्हा टांगला, पुन्हा पडला. तिकडे रेशमी अस्तराला धूळ लागत होती. दहा वाजता इमारत शांत झाली, तेव्हा मी तो मागच्या खोलीत नेला, मांडीवर घेतला, आणि कारखान्यातून आणलेला मेण लावलेला तपकिरी दोरा सुईत ओवला. खुंटीवरचा कोट बिल्ल्याशिवाय काढायचा नाही, हा सेवकांच्या नियमपुस्तकातला पहिला नियम आहे आणि मी तो नव्या लोकांना स्वतः शिकवतो. अकरा वाजता स्क्रास्तिन्या बाईंचा आवाज आला, "कोणी आहे का?" मी कोट खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आलो. त्या काउंटरवरून वाकून रांगेकडे पाहत होत्या. "दोनशे चौदा रिकामी दिसतेय." मी म्हणालो, "होय, रिकामी आहे." त्यांनी वहीत लिहून घेतले आणि त्या वर गेल्या. कशासाठी विचारतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटले खुंट्या मोजत असतील, कारण माझी खोली काढून तिथे लोखंडी कपाटे बसवायची, हे वर्षभर चालले आहे. मी मागे गेलो, नव्या पट्टीची दोन्ही टोके पक्की केली आणि कोट खुंटीवर टांगला. एक वाजता तू आलीस, बिल्ला दाखवलास, मी कोट दिला. पट्टीबद्दल मी बोललो नाही. नियम मोडून केलेले काम सांगायचे कसे, असे मला वाटले.

एकतीस तारखेला मात्र मला सगळे ठाऊक होते. त्या टेबलाशी एक वाक्य बोलायचे होते: कोट माझ्या मांडीवर होता. ते बोललो असतो, तर सोळा वर्षांत एकही चूक नाही, हे वाक्य पुन्हा कधी बोलता आले नसते, आणि कपाटे आणणाऱ्यांना दुसरे काही कारण शोधावे लागले नसते. हे कारण मी आज लिहितो तेव्हा ते किती लहान दिसते. त्या दिवशी ते लहान नव्हते, हेही मी लिहितो.

आठ फेब्रुवारीला हुकूम निघाला आणि त्याबरोबर तुझा राहण्याचा परवानाही गेला. बारा तारखेला तू बिल्ला परत करायला आलीस. मी काय बोलावे याची तयारी करत होतो, तेवढ्यात तू बिल्ला काउंटरवर ठेवलास, पिशवीतून जर्दाळूंची पुडी काढून त्याच्या शेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "पट्टी फार घट्ट बसलीय, आजोबा. आभारी आहे." आणि दार ढकलून बर्फात गेलीस. ओयदिन, तुला ते कधी कळले? त्या दिवशी सामान बांधताना, की एकतीस तारखेला, त्या खुर्चीत? जर त्या खुर्चीत कळले असेल, तर तू गप्प का राहिलीस? मला या प्रश्नाचे उत्तर पाहिजे, आणि ते मिळण्याची मला भीतीही वाटते. जर्दाळू मी खाल्लेले नाहीत.

त्यानंतर मी आधी भ्याडाचा मार्ग धरला. माझे नाव न येता तुझे काम व्हावे म्हणून तोच सूट घालून शहरातल्या दुसऱ्या दोन विद्यापीठांत गेलो आणि विचारले की अशी अशी मुलगी आहे, हुशार आहे, घ्याल का. पहिल्या ठिकाणी खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ती वेणी कापलेली का? काका, कागदावर 'फसवणूक' लिहिलंय. या देशात तिला कोणी घेणार नाही." दुसऱ्या ठिकाणी मला नावही सांगावे लागले नाही. आमचा देश लहान आहे, त्याचा मला अभिमान होता. डाग एका दारावरून दुसऱ्या दारावर माझ्या आधीच पोचला होता. परतताना ट्राममध्ये मला तेओदोर्सची आठवण झाली. मी त्याच्याशी निदान एकदा बोलायला हवे होते. त्यालाही रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहावे लागत असेल.

आज सकाळी नऊ वाजता मी न बोलावता तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि काल्वान्स साहेबांसमोर सगळे सांगितले.  ते फार सौम्यपणे म्हणाले, "ग्राउडिन्श साहेब, तुमचं वय पाहता... तुम्हाला नक्की आठवतंय ना? मुलीची दया आली म्हणून तर नाही?" एकतीस तारखेला माझे वय त्यांना आठवले नव्हते. मी म्हणालो, "साहेब, कोट आणा. त्यावर माझा दोरा आहे." ते म्हणाले की निकाल झालेले प्रकरण साक्षीदाराच्या सांगण्यावरून उघडता येत नाही, विद्यार्थिनीने स्वतःच्या सहीने मुदतीत दाद मागितली आणि पुरावा दिला, तरच पुन्हा बसता येते. मी जिना उतरत असताना स्क्रास्तिन्या बाई मागून आल्या. मधल्या पायरीवर मला थांबवून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या बाहीला तपकिरी दोरा लोंबत होता. मी पाहिला होता." मी म्हणालो, "मग विचारलं का नाहीत, बाई?" त्या म्हणाल्या, "मला खुंटी बघायला पाठवलं होतं. बाही बघायला नाही." आम्ही दोघे त्या पायरीवर उभे राहिलो. खालून मुले वर येत होती, आणि माहितीपत्रकातला तो सगळा जिना आमच्यामुळे अडला होता.

इमारतीच्या व्यवस्थापक बिरुता बाईंना मी माझी किल्ली दिली. त्या म्हणाल्या, "किल्ली ठेवा हो. कपाटं एप्रिलमध्ये येणारच आहेत. तोवर एवढे कोट काय मी घेत बसू?" मग किल्लीबरोबर दिलेला माझा लेखी कबुलीजबाब वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एवाल्ड्स, सोळा वर्षं तुमचा तो नियम ऐकतेय मी. मोडलात तेव्हाच नेमके माणसासारखे वागलात, आणि तेच लपवलंत."

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. क्षमा मागण्यासाठी नाही. मी स्वतः ती कोणाला दिलेली नाही, तेव्हा मागण्याचा मला हक्क नाही. नसीबा बहिणीच्या लग्नासाठी उद्या निघते आहे आणि परवा तुझ्या दारात असेल. या पाकिटात दाद मागण्याचा अर्ज आहे. आज मी सगळे सांगितल्यावर नसीबाने तो तुझ्या नावाने भरला आहे, खाली फक्त सही पाहिजे. सही करून तिच्याकडून त्याचा फोटो स्क्रास्तिन्या बाईंना पाठव. आठ मार्चला पाच वाजेपर्यंत चालतो. दुसरी गोष्ट सहीहून महत्त्वाची आहे. मार्गिलानमध्ये आता ऊन पडले असेल आणि तुझी आई तो कोट शेजारच्या सुनेला देणार आहे, असे नसीबाने ऐकले आहे. देऊ देऊ नकोस, तोच पुरावा आहे. पट्टी उसवू नकोस, धुऊ नकोस, तिच्यावर इस्त्रीही करू नकोस. दोरा दुहेरी आहे, मेणाचा, प्रत्येक टोकाला सात टाके, शेवटचा टाका उलटा. कारखान्यातल्या गाद्यांना आम्ही तसाच घालत असू, आणि या शहरात तो घालणारा आता मी एकटा उरलो आहे. त्याच दोऱ्याचा तुकडा मी या पत्राला टाचला आहे. पट्टी त्या सकाळी तुटली, हे नसीबा सांगेल. अकरा वाजता दोरा माझ्या बाहीला होता, हे स्क्रास्तिन्या बाई सांगतील. मधले मी सांगेन, कोणी विचारो वा न विचारो. सही करायची की नाही, हे तू ठरव. आमच्यावर विश्वास ठेवण्याचे तुला काही कारण राहिलेले नाही, हे मला समजते. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवसाला नावे आहेत, तुझे नाव कुठेच नाही, म्हणून तू शरदात रुसली होतीस. बावीस मे हा कॅलेंडरमध्ये नसलेल्या सगळ्या नावांचा दिवस आहे. नावाच्या दिवशी आमच्याकडे पाहुण्यांना बोलावत नाहीत, ते आपणहून येतात. तू वसतिगृहात असलीस, तर मी काळा पाव आणि ती जर्दाळूंची पुडी घेऊन येईन. नसलीस, तरी त्या दारापर्यंत येऊन परत जाईन.

तुझाच,
एवाल्ड्स ग्राउडिन्श

हे पत्र आज दुपारी चार वाजता मुख्य इमारतीतील कोट ठेवण्याच्या खोलीत मी उभे राहून मोठ्याने वाचले. त्या वेळी हजर असलेले साक्षीदार:

बिरुता ओझोल्या, इमारतीच्या व्यवस्थापक. वाचन संपेपर्यंत मध्ये बोलल्या नाहीत.

नसीबा युल्दाशेवा, प्रथम वर्षाची विद्यार्थिनी. आज कोट तिने माझ्या हातात दिला.

इंटा स्क्रास्तिन्या, परीक्षा विभाग. त्यांना बोलावलेले नव्हते. स्वतः आल्या, शेवटपर्यंत थांबल्या, आणि सही करताना त्यांनी आपल्या नावापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिले: "दोरा मी पाहिला होता."